गालातला घास

इदामला खायला घालणं हे सुरयॉनचं रोजचंच दुखणं होतं, पण एरवी ते डेगू शहरातल्या दोन खोल्यांत झाकून राहायचं. सणाला सासरी गेलं की सगळ्यांसमोर त्याचा पंचनामा व्हायचा.

पोरगा सहा वर्षांचा. पांढरा भात खायचा, भाजलेल्या समुद्री शेवाळाचे कुरकुरीत पापुद्रे खायचा, उकडलेल्या अंड्यातलं पिवळं काढून उरलेलं खायचा आणि मनात आलं तर काकडी. बाकी कशालाही "वास येतो" म्हणून नाक मुरडायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, वाढ नीट आहे, उगाच मागे लागू नका. सुरयॉनला ते पटलंही होतं. पण चुसॉकच्या, सुगीच्या सणाला यॉंगचॉनला काही डॉक्टर बरोबर येत नव्हते.

यॉंगचॉनच्या घरी सासूबाई एकट्या राहायच्या. सासरे गेल्यापासून पितरांच्या नैवेद्याचं त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. त्यातही खारवलेली मुशी, म्हणजे शार्क मासा. तिचे जाड तुकडे काडीला टोचून, वाफवून, ताटात रचल्याशिवाय त्यांच्या लेखी सण होत नसे. बाजारात जाऊन मुशी त्या स्वतः निवडायच्या. सुनांचं काम तव्यापाशी. आदल्या सकाळपासून सुरयॉन आणि तिची मोठी जाऊ होंगजु वर्तमानपत्रं अंथरून बसल्या होत्या आणि भोपळ्याच्या चकत्या, मासळी, टोफू अंड्यात बुडवून परतत होत्या. सुरयॉनचा नवरा ग्युहो आणि थोरले दीर दोकमान आतल्या खोलीत टीव्हीवर कुस्त्या बघत लोळत होते. मधूनच कुणीतरी येऊन गरम तुकडा उचलून जायचं. सुरयॉनची तेलाच्या वासानेच भूक मेली होती.

सणाच्या सकाळी पितरांना मद्य ओतून झालं, सगळे वाकले, आणि तीच ताटं जेवणाच्या बैठ्या टेबलावर आली. सुरयॉनने हळूच पिशवीतून शेवाळाचं पाकीट काढलं.

"ते काय काढतेयस?" सासूबाईंनी विचारलं.

"इदामचं शेवाळ, आई. भाताबरोबर."

"माझ्या घरी जेवायला यायचं आणि डबा बरोबर आणायचा? एवढं रांधलंय ते कुणासाठी?"

"तो खाईल हळूहळू."

"हळूहळू म्हणजे लग्न झाल्यावर का?" दोकमान म्हणाला आणि स्वतःच हसला.

होंगजुने आपल्या आठ वर्षांच्या लेकीच्या, सेबॉमच्या वाटीत मुशीचा तुकडा टाकला. सेबॉमने तो सगळ्यांकडे बघत, नीट चावून दाखवत खाल्ला.

"मी हिला पहिल्यापासून सगळं चारलं," होंगजु म्हणाली. "तू फार ऐकून घेतेस त्याचं. एक दिवस उपाशी ठेव. झक मारत खाईल."

सुरयॉनने ते करून बघितलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी इदाम पित्त ओकला होता आणि मग तिच्या मांडीवर झोपून गेला होता, काही न मागता. पण हे इथे सांगण्यात अर्थ नव्हता. ऐकणाऱ्यांनी म्हटलं असतं, अजून थोडं थांबायचं होतंस.

"बरोबर आहे, ताई," ती म्हणाली.

सासूबाईंनी आता मोर्चा मुलाकडे वळवला. "ग्युहो, तुझा बाप मुशी बघितली की दोन वाट्या भात जास्त खायचा. त्याचा नातू वास घेऊन तोंड फिरवतो. लोक काय म्हणतील?"

इतका वेळ सूपच्या वाटीत डोकं घालून बसलेल्या ग्युहोला अचानक बापपण आठवलं. त्याने मुशीचा चांगला मोठा तुकडा उचलला.

"इदाम, आ कर. आजीसाठी एकच घास."

सुरयॉनने टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. त्याने गुडघा बाजूला घेतला.

"आ कर म्हटलं ना."

इदामने आईकडे बघितलं, मग तोंड उघडलं. घास आत गेला. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ घट्ट मिटलेले राहिले.

"बघा, खाल्ला की नाही?" ग्युहो म्हणाला.

"आजीच्या हातचं ते. खाणारच," सासूबाई खुलल्या आणि त्यांनी नातवाच्या पाठीवरून हात फिरवला.

सुरयॉनला त्याचा उजवा गाल फुगलेला दिसत होता. जबडा हलत नव्हता. त्याला मोरीपाशी नेऊन थुंकायला लावलं असतं तर ते सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नसतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. ती उठून भांडी घासायला गेली.

भांडी आवरून सगळे सासऱ्यांच्या थडग्याकडे निघाले. टेकडीवरची वाट चेस्टनटच्या झाडांतून जात होती. खाली पडलेल्या काटेरी फळांना सेबॉम लाथा मारत चालली होती. इदाम आईचं बोट धरून गप्प चालत होता.

"किती शहाण्यासारखा चाललाय," सासूबाई म्हणाल्या. "पोट भरलं की पोरं शांत होतात. तुला कळत नाही, सुरयॉन."

थडग्याच्या गवताळ उंचवट्यासमोर चटई अंथरली. फळं ठेवली, मुशीचं ताट ठेवलं, दोकमानने मद्य ओतलं. मोठ्यांचं झाल्यावर मुलांची पाळी आली. इदामने गुडघे टेकले, दोन्ही हात चटईवर ठेवले आणि कपाळ खाली नेलं. त्याच्या तोंडातून एक करडा, भिजून मऊ झालेला गोळा चटईवर पडला.

सेबॉम वाकून बघत म्हणाली, "आजी, ही तर सकाळचीच मुशी आहे."

दोकमानला हसू आवरेना, तो पाठ फिरवून खोकू लागला. सासूबाईंचा चेहरा मात्र पार उतरला. "त्यांच्या पुढ्यात थुंकला," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवसांत गिळता येत नव्हतं त्यांना, तरी मुशी आणलीस का विचारायचे. आणि हा त्यांच्या पुढ्यात थुंकतो."

"मी नाही थुंकलो," इदाम म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "डोकं खाली केलं म्हणून पडला."

ग्युहो लालबुंद होऊन बायकोकडे वळला. "तुझं लक्ष कुठं असतं गं?"

सुरयॉनला वाटलं होतं, कधीतरी आपला बांध फुटला तर आपण ओरडू. प्रत्यक्षात तिचा आवाज अगदी खाली आला.

"लक्ष माझंच होतं. घास तू कोंबलास आणि तो गिळला का ते मी बघायचं? टीव्ही तू बघायचा, तवा मी बघायचा, पोराचा गाल पण मीच बघायचा?"

"इथं नको. बाबांसमोर..."

"त्यांच्यासमोरच बोलते." ती सासूबाईंकडे वळली. "आई, त्याला थुंकायचं असतं तर तेव्हाच थुंकला असता. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून एवढी टेकडी तो तोंडात घास धरून चढला. मला नसतं जमलं ते."

सासूबाईंनी कागदी रुमालाने चटई पुसली, गोळा त्यात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "चला, ऊन वाढतंय."

घरी आल्यावर सुरयॉन इदामला घेऊन सरळ गाडीत जाऊन बसली आणि त्याला शेवाळात भात गुंडाळून देत राहिली. त्याने पोटभर खाल्लं. मग सासूबाई आल्या. दोन्ही हातांत डब्यांचं गाठोडं.

"वरच्या डब्यात मुशी आहे. घरी गेल्यावर तव्यावर परतून दे. गरम असली की खाईल."

आता मात्र सुरयॉनला ते गाठोडं रस्त्यावर आपटावंसं वाटलं. तिने ते मांडीवर घेतलं.

"तो नाही खाणार, आई. मी खाईन."

"तू तरी खा. कालपासून तुझ्या तोंडात काही गेलेलं मी बघितलं नाही." त्या बोलल्या मात्र रागावल्यासारख्याच आणि आत निघून गेल्या.

डेगूच्या रस्त्यावर गाड्यांची ही रांग लागली होती. इदाम मागे झोपला होता.

"पुढच्या सणाला तू त्याला घेऊन एकटा जा," सुरयॉन म्हणाली. "तूच खायला घाल."

ग्युहो हसला. मग त्याने तिच्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

नव्या वर्षाच्या सणाला ती खरंच गेली नाही. अंगाला बरं नाही वगैरे काही सांगितलं नाही. येत नाही एवढंच सांगितलं. दुपारी ती पाय पसरून नूडल्स खात होती, तेवढ्यात फोन आला.

"अगं, हा काहीच खात नाही," ग्युहो दबक्या आवाजात म्हणाला. मागे टीव्ही आणि दोकमानचं हसणं ऐकू येत होतं. "आई म्हणतेय, तू बाप आहेस, तुला कसं जमत नाही?"

"मग तू काय म्हणालास?"

त्याने आवाज आणखी खाली आणला.

"मी म्हटलं, सुरयॉनला विचारतो."

सुरयॉनने फोन बंद केला, उपडा ठेवला आणि नूडल्स गार व्हायच्या आत वाटी पुन्हा जवळ ओढली.