दुपारचे निरोप

हावेआ मते मागायला दारात उभा राहिला, तरी सेलुवाया आत्याने चटई विणणे थांबवले नाही. आत्या बोट दाखवेल त्याला बेटाची मते पडत, म्हणून आजवरचे सगळे उमेदवार तिच्यापुढे गोगलगाय होऊन बसत. पण हा माणूस सत्तावीस वर्षे तिच्या डोक्यात ठाण मांडून होता.

तेव्हा तो टोंगाच्या रेडिओवर 'दुपारचे निरोप' वाचायचा : कोण आजारी, कोण वारले, कोणी बोटीने निघावे. आत्याची आई राजधानीत अखेरच्या घटका मोजत होती. तिकडून निरोप धाडला गेला, इथे तो आलाच नाही. बेटावर एकच रेडिओ, तोही आत्याच्या घरात. मेल्याने निरोप गिळला, अशी तिची खात्री होती. पुढे तो वकील झाला तेव्हा ती म्हणाली, याला आता खोटे बोलायचा परवाना मिळाला. आणि आता खासदारकी.

"तारोचा कंद खा," ती म्हणाली. "विष नाही घातलं."

"आत्या, तो निरोप मी वाचला होता. दोनदा."

"बरं आठवलं, मतं हवी झाल्यावर."

"निरोपांआधी मी एक विनोद सांगायचो, लोकांना झोप लागू नये म्हणून. त्या दिवशीचा अजून लक्षात आहे. पाद्रीबाबांची बायको..."

एवढ्यात तिचा भाऊ मोसेसे आत आला आणि हावेआने जीभ चावली. टोंगात बहीणभावाने असले चावट काही एकत्र ऐकायचे नसते. भाऊ घरात आला की बहीण उठून जाते. आत्या सवयीने उठली.

"अक्का, थांब." मोसेसेची नजर जमिनीवर होती. "पाद्रीबाबांची बायको आणि डुक्कर. तोच ना?"

हावेआने मान डोलावली.

"तू मागे चुलीपाशी होतीस, अक्का. तुझ्या कानावर पडू नये म्हणून मी रेडिओ बंद केला. पुन्हा लावला तेव्हा भजनं चालू होती. निरोप तेवढ्यातच होऊन गेला, अशी मला तेव्हापासून शंका आहे. पण तुझ्यासमोर तो विनोद काढायचा कसा?"

आत्या परत चटईवर बसली. भाऊ समोर असताना अशी ती जन्मात बसली नव्हती.

"सांग तो," ती हावेआला म्हणाली. "त्याच्यापायी माझी आई मला न बघता गेली. ऐकू तरी दे काय होतं ते."

रेडिओवर काय, कोर्टात काय, हावेआचा आवाज कधी अडला नव्हता. आता त्याला पहिला शब्दही फुटेना.