बिनभोंग्याचं गाणं

आमच्या गल्लीत हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात. सुरतेच्या लिंबायतमध्ये खाली माग आणि वर बिऱ्हाडं, अशी आमची घरं. खालचे माग बंद पडले तर तान्ही पोरं दचकून जागी होतात. त्यामुळे "मीठ दे" हेसुद्धा आम्ही भांडल्यासारखं सांगतो. गावाकडून कुणी पाहुणा आला की पहिला दिवस त्याला वाटतं, या घरात काहीतरी बिनसलंय.

माझ्या नवऱ्याचं नाव सुकदेव. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून एकदाच सांगते आणि सोडते. पारोळ्याकडून लग्नाआधी सुरतेला आले, मागावर उभे राहिले आणि अजून तिथंच उभे आहेत. मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही. तिथं कारागीर ओठांवरून बोलणं ओळखतात. चार माग सोडून पलीकडचा माणूस नुसते ओठ हलवतो आणि इकडचा हसून मान डोलावतो. मीही लग्नानंतर बॉबिन भरायला जात होते, तेव्हा ही विद्या मला आली. शेठ समोर उभा असताना त्याच्याच देखत आम्ही त्याला शिव्या घालायचो, आवाज न काढता. त्या कामातली तेवढीच मजा.

बाकीचे कारागीर कानात कापसाचे बोळे घालायचे. ह्यांनी कधी घातले नाहीत, कारण मागावर उभं राहून हे वही गात. वही म्हणजे आमच्या खानदेशातलं लांबलचक कथेचं गाणं. डफावर गायचं, एकानं पुढं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून उचलायचं. कानात कापूस घातला की स्वतःचा सूर मुका होतो, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, "कान जातील एक दिवस."

"गयात ते गयात," हे म्हणायचे. "गानं ते ऱ्हाई ना!"

आणि खरंच, त्या गाण्याशिवाय ह्या माणसाचं स्वतःचं म्हणून दुसरं काही नव्हतं. खोली भाड्याची, माग शेठचा, कपडा बाजाराचा. मुलगी राखी, ती उद्या लग्न होऊन परघरी जाणार. श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते, रात्रभर जागरण असतं, तेव्हा हे वहीला बसले की अख्खी गल्ली जागी राहायची. त्या एका रात्री ते कुणाचे नोकर नसायचे. मला ते तेव्हा फार आवडायचे, हे सांगायला मी लाजत नाही.

गेल्या श्रावणात नूतन नावाची एक मुलगी जागरणाला आली. पुण्याची, कामासाठी सुरतेत राहणारी, गोड बोलणारी. तिनं मोबाइलवर वही टिपून घेतली आणि थोड्या दिवसांनी आमच्या खोलीवर निमंत्रण घेऊन आली. सुरतेबाहेर, कामरेजच्या पुढं एका फार्महाउसवर हिवाळ्यात शनिवार-रविवार संगीताचा मेळा होता. एकाही गाण्याला माईक नाही, भोंगा नाही. मातीतलं गाणं, जसंच्या तसं. ऐकणारे लोक आरामात बसून जेवतील आणि ऐकतील. ती बोलत होती आणि हे तिच्या तोंडाकडे एकटक बघत होते. ती गेल्यावर मी चिडवलं, "तरणी पोर दिसली की कसं लक्ष लागतं माणसाचं!" हे नुसते हसले.

त्या दिवसापासून ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. नवा पांढरा सदरा शिवून घेतला. हिलालभाऊ, म्हणजे आमचे डफ वाजवणारे, ह्यांच्याच खात्यात, म्हणजे कारखान्यात, मागावर असतात. त्यांना रोज सुटी झाल्यावर बसवून सराव करायला लावला.

मेळ्याला हे, हिलालभाऊ आणि मागून झील धरायला मी, असे आम्ही तिघं दुपारीच पोचलो. एवढं मोठं हिरवळीचं अंगण मी पहिल्यांदाच बघितलं. गोल टेबलांवर पांढऱ्या चादरी, बसायला गुबगुबीत खुर्च्या, गारठा वाटू नये म्हणून प्रत्येकीवर घडी घातलेली शाल, टेबलांच्या मध्ये शेगड्या. एका बाजूला पोंकचं टेबल होतं. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपल्याकडे तो शेतात बसून हात काळे करून खातात, तिथं वाटीत, लिंबू-मिरीची शेव घालून, चमच्यानं. जेवता जेवता गाणं ऐकायचं की गाणं ऐकता ऐकता जेवायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण खरी नवलाई होती शांततेची. माझ्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. झाडावरचं पाखरू, कुणाच्या चपला, लांब कुठं बशीवर ठेवलेल्या कपाची किणकिण. सगळे हळू बोलत होते, म्हणून मीही हळू बोलू लागले.

हे माझ्याकडे पाठ करून हिरवळीकडे बघत उभे होते. मी मागून विचारलं, "चहा घ्यायचा का?"

हे हलले नाहीत. मी जवळ गेले, हात लागेल इतकी, आणि परत विचारलं. जरा पलीकडून ट्रे घेऊन जाणारा वाढपी थांबला, नूतनही वळली. हे वळले नाहीत.

घरी असते तर मी दुसऱ्या वेळी ओरडले असते आणि विसरून गेले असते. तिथं ओरडायची लाज वाटली, आणि त्या लाजेनंच माझे डोळे उघडले. एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन आला की हे राखीच्या हातात देतात, "तू बोल" म्हणतात. आम्हाला वाटायचं, आळस. आजकाल लोक फार पुटपुटतात, अशी ह्यांची कुरकुर. आम्हाला वाटायचं, वय. अंधारात माझ्याशी बोलत नाहीत. मला वाटायचं, मी ह्यांच्या मनातून उतरले. आमच्या घरात सगळेच ओरडतात आणि सगळेच तोंडाकडे बघून बोलतात, मग कळणार तरी कसं?

मी हिलालभाऊंना मुदपाकाच्या मांडवामागं गाठलं. त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "ह्यांना ऐकू येत नाही."

ते डफाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "दोन कानबाया व्हयन्यात, वहिनी. माले माहीत से."

"अहो, मग गातात कसे?"

"त्या मोठल्ला खोकास्कडे पाठ करीसन बठस ना तो. कानघाई नही, पाठघाई ऐकस."

जागरणाला स्पीकरची दोन काळी खोकी असतात, माणसाएवढी. हे नेहमी त्यांना टेकूनच बसायचे, म्हणजे कानानं नाही, पाठीनं ऐकायचे. आम्ही हसायचो, बघा, म्हाताऱ्याला टेकायला भिंत लागते.

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुम्ही त्याले सांगतात, तो गानं सोडी देता. गानं सुटनं ते तो कसाघाई जगी?" मग डफ काखेत घेत म्हणाले, "आनि मी तरी कोठे धड ऐकस, वहिनी? तुम्ही आते समोर उभ्या, तुमना ओठ दिखतस म्हनीसन चाली ऱ्हायनं."

त्या क्षणी मला त्या मागांचा असा संताप आला, की हातात हातोडा असता तर लिंबायतला परत जाऊन एकेक फोडला असता. पण हातात काही नव्हतं. इथं खोकी नव्हती, आणि दिवेलागणीला ह्यांची पाळी होती.

मी परत गेले, ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "माझं पोट दुखतंय, घरी जाऊ."

ह्यांनी माझे ओठ वाचले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत असं कधी करत नाहीत. "गानं म्हनीसन जाऊत ना व. भोंगा नही, काही नही, नुसता मना गळा. आज लोक माले ऐकतीन."

असं सुख त्या तोंडावर मी लग्नात पण बघितलं नव्हतं. ते माझ्या हातानं पुसणं मला जमलं नाही.

मग मी माझ्यापरीनं तोड काढली. झील धरणारी बाई मागं बसते. मी बाजूला सरकून तिरकी बसले, माझे ओठ ह्यांना दिसतील अशी. हिलालभाऊ पलीकडे बसले आणि मला म्हणाले, "मी जोरमा वाजाडसू." बैठकीवर जाडजूड गादी घातली होती, आम्हाला आराम वाटावा म्हणून. फळी असती तर निदान पायाला ठेका कळला असता.

दिवे लागले. टेबलं भरलेली होती. नूतननं दोन शब्द सांगितले आणि ह्यांनी वही सुरू केली.

पहिल्या दोन ओळी सवयीनं निघाल्या. टेबलांवरचे चमचे थांबले. मला वाटलं, निभावलं, आई कानबाई, निभावलं. मग आवाज चढायला लागला. गळ्यातून निघालेलं कानाला पोचत नव्हतं, म्हणून हे गळा आणखी ताणत होते. चालू मागांच्या वरून पलीकडच्याला हाक मारावी तसे गायला लागले. सूर एकीकडे, डफ एकीकडे. मी ओठ मोठमोठे हलवून ओळ दाखवत होते. शब्द ह्यांना सापडत होते, सूर ओठांवरून कसा दाखवू? पुढच्या टेबलावरच्या एका पोरानं कानांवर हात ठेवले आणि त्याच्या आईनं ते हळूच खाली घेतले.

ती माणसं वाईट नव्हती, हेही सांगते. कुणी उठून गेलं नाही, कुणी मोठ्यानं हसलं नाही. शेजारच्याशी कुजबुजले, एवढंच. कुजबूज कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तर माणूस कुजबुजतो. आणि ती कुणाला ऐकू गेलीही नाही. पण त्यांच्या समोर, बैठकीवर, ओठ वाचणारी मागावरची माणसं बसली होती.

हिरवी शाल पांघरलेली एक बाई नवऱ्याकडे झुकली. तिचे ओठ मला शेगडीच्या उजेडात स्वच्छ दिसले. "शुं बूमो पाडे छे आ?" काय बोंबलतोय हा?

नवऱ्यानं तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "बहेरो लागे छे." बहिरा दिसतोय.

मी चटकन ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची नजर त्याच टेबलावर होती.

गाणं चालूच होतं. पण कपाळाला आठी पडली. आणि मग ह्यांनी काय करावं? कुणाला म्हणतायत ते बघायला ह्यांनी मान वळवली आणि हिलालभाऊंकडे बघितलं. ह्यांना वाटलं, बहिरा हिलालला म्हणतायत. हिलालभाऊ घामाघूम झाले होते. दात खाऊन डफावर थापा मारत होते, कातडं थरथरत होतं, हाताची बोटं लाल झाली होती. हे त्या हाताकडे बघत राहिले. हात वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता, पण ह्यांच्या कानाला थाप काही लागत नव्हती.

गाणं तिथंच थांबलं, ओळीच्या मध्यात. कथेतली राजाची राणी दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

लोकांना वाटलं, संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे त्या हातांकडे पण तसेच बघत होते. नूतन पुढं आली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, अंगावर काटा आला." ह्यांनी ते वाचलं आणि तिला नमस्कार केला.

मग आम्हाला जेवायला नेलं. आमच्यासाठीही तसंच टेबल होतं, तशाच मऊ खुर्च्या. उंधियू, पुऱ्या, जिलेबी, सगळं गरम, वाढपी वाकून वाढत होते. ह्यांनी ताटाला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले, खात्यात हलवतात तसे, आवाज न काढता.

"तुले माहीत व्हतं?"

"आजच कळलं," मी ओठांनीच सांगितलं. आईशप्पथ खरं सांगितलं. पण माणूस दुसऱ्याचे ओठ वाचतो, मन थोडंच वाचतो.

मग हे हिलालभाऊंकडे वळले. हिलालभाऊंनी मान खाली घालून पुरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. हे बराच वेळ त्यांच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत बसले. मग डोळे मिटून घेतले. खात्यात दोघांचं वाजलं की माणूस असाच नजर काढून घेतो. त्याचा अर्थ, आता तू काहीही बोल, मी ऐकत नाही.

त्यानंतर हे गायले नाहीत. कामावर जातात, तिथं सगळेच सारखे. हिलालभाऊ दोनदा घरी येऊन समोर बसले, चहा पिऊन गेले. राखीनं कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर उठून बाहेर गेले. सुटीच्या दिवशी खिडकीशी बसतात आणि डोळे मिटतात. बघणाऱ्याला वाटेल, झोपलेत. राखी मला खुणेनं विचारते, झोपले का? मी नाही म्हणून मान हलवते.

मी शेजारी भाजी निवडत बसते. कधी कधी ती अर्धी राहिलेली वही हळूच म्हणते, दारातल्या राणीपासून पुढं. मी ओरडले तर थोडं ह्यांच्या कानात जाईल, हे मला माहीत आहे. जन्मभर ओरडतच आले. पण आता मला एवढंच सांगायचं असतं, की अहो, डोळे उघडा, माझ्याकडे बघा. आणि ते कळायला ह्यांनी माझ्याकडे बघायला हवं.