थंड इंजिनाचा आवाज

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला तुलाराम मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याचं नाव एकाच गोष्टीसाठी: त्याने बांधलेलं इंजिन हिवाळ्याच्या सकाळीही खडखड न करता सुरू होतं. तुमसरच्या राइस मिलांमधली डिझेल इंजिनं त्याने तीस वर्षं अंगठ्याच्या अंदाजाने बांधली. तेल लावलेला पिस्टन सिलिंडरमध्ये सोडायचा, वरून हलकं दाबायचं. अंगठा थांबेल तिथे पिस्टन थांबला, की माप बरोबर.

त्याची मुलगी खुशबू डिप्लोमा करून तिथेच काम करते. नागपूरच्या मैदानावरच्या शर्यतीसाठी ती एक जुनी छोटी गाडी बांधत होती, चालवणारही तीच. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो बसवायचा म्हणजे आतला मार दुप्पट. पिस्टनला खालून धरणारे कनेक्टिंग रॉड फोर्जचे, म्हणजे ठोकून घडवलेले घ्यायचे, यावर बापलेकीचं लगेच जमलं. रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आलेला तुलारामने मिलमध्ये पाहिला होता. "पिस्टन गेला तं पिस्टन जाते," तो म्हणाला, "रॉड गेला तं सारंच जाते." चारही रॉड सारख्या वजनाचे आहेत की नाही, हे त्याने भंडाऱ्याच्या सोनाराच्या काट्यावर पाहून आणलं.

पिस्टनवर अडलं. ओतीव पिस्टन गुपचूप चालतात, पण टर्बोखाली तडकतात. फोर्जचे मार खातात, पण तापले की जास्त फुगतात. म्हणून त्यांना सिलिंडरमध्ये जागा जास्त सोडावी लागते, आणि थंड असताना ते वाजतात. खुशबूने फोर्जचे घेतले. सिलिंडर कापायचं माप कागदावर लिहून बापाला दिलं.

बापाने कागद वाचला आणि अंगठ्याचं ऐकलं.

खुशबूने कापलेल्या सिलिंडरात मापाचा गेज घातला. चारही सिलिंडर चार पॉइंटने घट्ट. पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढ्या फरकानेही इंजिन जाम होऊन मरतं.

"बाबा, घट्ट काहून केलं?"

"तुया मापानं कापलं असतं तं पिस्टन आपल्या वजनानंच खाली गेला असता."

"गेलाच पायजे."

"गेलाच पायजे म्हणते. सकाळी गाडी वाजन तवा लोक कोणाले हसतीन? तुले का मले?"

त्याचं खोटं नव्हतं. हाताने काम करणाऱ्याला आपण देतो काय? इज्जत नाही, खुर्ची नाही. एक नाव देतो, आणि तेही रोज परत मागतो. बड्या साहेबाने पूल बिघडवला तर चौकशी बसते, साहेब बदलून जातो. मिस्त्रीचं इंजिन खोकलं की गावभर बोंब.

तिने एक जुना ओतीव पिस्टन आणि एक नवा उचलला, बापाच्या हातात बारीक माप मोजायचा मायक्रोमीटर दिला आणि त्याला घेऊन शेजारच्या विमलाबाईच्या भज्यांच्या टपरीवर गेली.

"मावशी, कालचं तेल तापवा जरा."

"हे तळून खाशीन काय?"

"बाबाले चारायचे आहेत."

थंड असताना दोन्ही मोजले. मग कढईत सोडले, झाऱ्याने काढले आणि गरमागरम पुन्हा मोजले. तुलारामने स्वतः, दोनदा. ओतीव वीस पॉइंट फुगला होता, फोर्जचा पंचवीस.

"घाईत मोजला असन," विमलाबाई म्हणाली.

"मी घाईत मोजत नाही," तुलाराम म्हणाला. आपल्या अंगठ्याकडे त्याने एकदा पाहिलं. मग गॅरेजात जाऊन त्याने सिलिंडर आतून घासून मोठा करायचं होनिंगचं यंत्र उचललं. "सरक, मीच करतो."

आठ दिवसांनी, थंडीतल्या सकाळी, गाडी सुरू झाली. डब्यात खडे हलवावे तशी वाजली. नेमका तुमसरचा मिलवाला भुपेंद्र जीप घेऊन आला होता. त्याच्या मिलची दोन इंजिनं तुलारामने बांधलेली.

"मिस्त्री, हे काय वाजून राहिलं? पोरीनं बांधलं काय?"

खुशबूने खाली पाहिलं. बापाला हो म्हणणं सोपं होतं, आणि म्हटलं असतं तर तिने त्याला माफही केलं असतं.

"माप माझं आहे," तुलाराम म्हणाला. "पाच मिनिट थांबा, गरम झाला का चूप होते."

भुपेंद्र हसला. "बुढा झाला तू," म्हणाला आणि जीप वळवून गेला.

इंजिन चौथ्या मिनिटाला शांत झालं. ऐकायला विमलाबाई होती आणि ते दोघं. तुलारामने बॉनेटवर तळहात ठेवला.

"जीपच्या सर्विसिंगले आला होता तो," तो म्हणाला. "जाऊ दे. तू चालव."