माझ्या मापाचा बोर्ड

त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर सहा बरण्या होत्या. काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, त्यात पाणी आणि पाण्यात बोर्डाचा एकेक तुकडा. माझा नवरा लुबोर रोज सकाळी कॉफीच्या आधी ते तुकडे बाहेर काढायचा, पुसायचा आणि कोणता किती फुगला ते मोजून वहीत लिहायचा. बोर्ड म्हणजे आपला नेहमीचाच, भुसा दाबून केलेला, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलेला. मी बटाटे सोलायला बसले की माझ्या कोपराला बरणी लागायची आणि तो म्हणायचा, "हळू, मीला. चौथा दिवस चाललाय त्याचा."

पाणी वरून कधीच शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

चेक देशातल्या हाविर्झोवमध्ये आठव्या मजल्यावर आमची तीन खोल्यांची जागा आहे. हॉलमध्ये दाढीवाले सरडे राहतात. आमची रादाना लग्न होऊन ब्रनोला गेली, तिचं सामान उतरायच्या आत तिच्या खोलीत पाली आल्या. सगळ्या पेट्या लुबोरने स्वतः केलेल्या, आणि प्रत्येक पेटीवर एक कार्ड: नाव, नर की मादी, कधी आली, किती तापमान लागतं. अक्षर असं की शाळेत बक्षीस मिळालं असतं. तीस वर्षं खाणीत वीजतंत्री होता तो. जमिनीखाली इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ऊब आणि उजेड हवासा वाटतो, हे मला कळतं. कळतं म्हणून तर पहिला सरडा आल्यापासून अकरा वर्षं ब्र काढला नाही. घरात एकोणतीस अंश. बाहेर बर्फ पडत असताना मी बिनबाह्यांच्या झग्यात भांडी घासते. खिडक्यांतून गार वारा यायला नको म्हणून त्याने त्या पेट्यांच्याच सिलिकॉनने बुजवून टाकल्यात.

मला उरला होता झोपायच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा. एक मीटर दहा बाय एक मीटर तीस. तिथे माझी खुर्ची, दिवा आणि विणकामाची टोपली. खिडकी उघडत नाही, पण तिच्यातून बसचा थांबा आणि बेकरी दिसते. शाळेच्या स्वयंपाकघरातून दुपारी घरी आले की मी तिथे बसायची. तेवढं एक माझं होतं.

आणि तोच कोपरा आता मातील्डाला हवा होता. मातील्डा ही आफ्रिकेतली घोरपड. आणली तेव्हा तळहातावर मावत होती, आता शेपटीसकट माझ्या कमरेला लागते. लुबोरने मला विचारलं नाही. फीत घेऊन आला, माझ्या खुर्चीमागून मोजलं, पलंगाच्या पायथ्यापर्यंत मोजलं आणि म्हणाला, खुर्ची थोडी सरकवावी लागेल. मी विचारलं, कुठे? त्याने खरंच चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाला, बघू.

रादानाला फोन केला तर ती म्हणाली, आई, तू इकडे ये. तिच्याकडे दोन खोल्या आणि जुळी मुलं. मी त्यांच्या सोफ्यावर झोपणार आणि सगळे माझ्या अंगावरून उड्या मारत जाणार. म्हणजे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत.

मातील्डाच्या नव्या पेटीचा बोर्ड कापून आणायच्या आदल्या दिवशी तिनेच लुबोरचा अंगठा चावून फोडला. चार टाके पडले. त्याला गाडी चालवता येईना, म्हणून यादी माझ्या हातात आली. पाचव्या बरणीतला, सगळ्यांत कमी फुगलेला बोर्ड घ्यायचा, पांढरा नको, बीचच्या रंगाचा, कारण पांढऱ्यावर दिव्याचा उजेड चमकतो आणि तिचे डोळे दुखतात. तिचे, म्हणजे मातील्डाचे. यादीवर तळ, छत, पाठ, दोन बाजू, पुढच्या पट्ट्या, सगळं मिलिमीटरमध्ये. हवेच्या फटींना लाल पेन्सिल.

दुकानात कापणीच्या खिडकीवर हिनेक नावाचा माणूस असतो, कानावर पेन्सिल अडकवलेला. त्याने बोर्डांचं चित्र संगणकावर उघडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला, म्हणजे मापं टाकण्याआधी गिऱ्हाइकाने बोर्ड पाहून घ्यावा. दोन मोठे, कोरे, बीचच्या रंगाचे चौकोन. त्यांच्यावर अजून कोणाचंच नाव नव्हतं. मी यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि तोंडपाठ मापं सांगायला लागले. बाजू दोन मीटर उंच. पुढची भिंत दोन मीटर. दार साठ सेंटिमीटरचं. छत. सत्तरहून रुंद काही नको, आमच्या लिफ्टमध्ये जात नाही.

हिनेकने हात थांबवले. सरपटणाऱ्यांच्या पेट्या तो खूप कापतो, एवढी उंच त्याने पाहिली नव्हती. "बाई, हिच्यात काय ठेवणार आहात?"

"मादी आहे. एकसष्ट वर्षांची."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "चावते का?"

"अजून तरी नाही," मी म्हटलं.

तो परत मापं टाकायला लागला. करवतीचं पातं दर कापाला चार मिलिमीटर खातं, ते धरलंय ना, एवढंच पाहून घेतलं. कापलेल्या कडा झाकणारी पट्टी मात्र त्याने न सांगता लावून दिली.

लिफ्टच्या सात फेऱ्या झाल्या. लुबोर बँडेजचा हात छातीशी धरून दारात उभा. तुकडे मोजत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. शेवटी म्हणाला, त्या कापणीवाल्याने घोळ घातलाय, आत्ताच्या आत्ता फोन लाव.

"त्याने बरोबर कापलंय. माप माझं आहे."

"कशाचं?"

"माझ्या कोपऱ्याचं. मी त्याला भिंत घालतेय, लुबोर. तुझी मातील्डा जिथे आहे तिथेच राहील."

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. व्हायला हवा होता. मी अकरा वर्षांचं सगळं घशाशी आणून ठेवलं होतं. पण तो बोर्डाजवळ गेला, कडेवरून अंगठा फिरवायला गेला, टाके आठवून बोट फिरवलं आणि म्हणाला, स्क्रूच्या आधी बारीक भोक पाड, नाहीतर लॅमिनेट तडकेल.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ते उभं केलं. त्याने चांगल्या हाताने फळ्या धरल्या. तीन वाजता मी आत गेले, खुर्चीत बसले आणि दार ओढून घेतलं. समोर थांबा, बेकरी, पिशव्या घेऊन जाणारी माणसं. दोन बाजूंना घराची भिंत, दोन बाजूंना बोर्ड, डोक्यावर बोर्ड. मी हसले. मग हसू थांबलं, कारण नव्या बोर्डाचा वास नाकात बसला आणि दिव्याने गरम व्हायला लागलं.

बाहेरून टकटक झाली. "मीला, हवेला फट ठेवली नाहीस."

खरंच नव्हती ठेवली. लाल पेन्सिलीच्या खुणा खिशात घेऊन मी त्या विसरले होते.

"खालून यायला हवी आणि वरून जायला," तो म्हणाला. "पाय वर घे."

मी पाय खुर्चीवर घेतले. ड्रिल सुरू झालं. मी आत, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली, आणि नवरा बाहेरून एका हाताने माझ्या पेटीला भोकं पाडतोय. भुसा माझ्या मोज्यांवर पडत होता. भोकं एका ओळीत आली, सारख्या अंतरावर, मोजून. मग तो स्टुलावर चढला आणि वरची पाडली. मी दार उघडून बाहेर येऊ शकत होते. आले नाही. बाहेर येऊन जायचं कुठे?

ड्रिल बंद झालं. मग खालच्या भोकातून गुंडाळलेलं कार्ड आत आलं, पाठोपाठ पेन्सिल.

मी कार्ड सरळ केलं. शाळेत बक्षीस मिळेल असं तेच अक्षर. नाव: बोहुमिला, मीला नाही, पूर्ण नाव. मादी. आली: १४ जून १९८६. ही आमच्या लग्नाची तारीख. एरवी ती त्याला दरवर्षी मला सांगावी लागते.

तापमानाची जागा रिकामी होती.

"तुला किती लागतं, ते मला माहीत नाही," तो भोकापाशी वाकून म्हणाला. आवाज गुडघ्याच्या उंचीवरून येत होता. "लिही. मी तसं ठेवतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हे मला आज विचारलं होतं, भुशाच्या भिंतीतून. मला रडू आलं, आणि रागही आला. मी पेन्सिल टेकवली. मातील्डाला दिव्याखाली पन्नास, सावलीत सव्वीस. पालींना बत्तीस. सरड्यांना चाळीस. सगळं तोंडपाठ आहे मला.

माझा आकडा मला येत नव्हता. तो बाहेर वाकून थांबला होता, आणि मी आत पेन्सिल धरून बसले होते.