हॅमस्टरांची पंगत

“धाकू, भिंतीकडचे अजून जिवंत कसे?”

डॉक्टर सुहासिनीबाईंचा हा प्रश्न ऐकून धाकू परब चक्रावला. एरवी एखादा प्राणी मेला की बोलणी बसत. आज जगल्याबद्दल झाडाझडती चालली होती.

“देवाची कृपा, मॅडम.”

गिरणीतली नोकरी सुटल्यावर धाकू मरोळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत हॅमस्टर सांभाळायला लागला. या गुबगुबीत उंदरांना काळा आजार टोचलेला होता. तिकडे बिहारात गोरगरीब या तापाने मरत, पण त्यांच्यासाठी औषध शोधायची कुणाला घाई नव्हती. सुहासिनीबाई पारिजातकाच्या पानांचा अर्क घेऊन एकट्याच झगडत होत्या. खिडकीकडच्या पिंजऱ्यांना अर्क, भिंतीकडच्यांना नुसतं पाणी. पहिले जगले आणि दुसरे गेले, तरच औषध खरं. दिवाळीनंतर दिल्लीची समिती येणार होती. तिला दाखवायला काही नसलं, तर संशोधन बंद आणि धाकू घरी.

“खरं सांग, भिंतीकडच्यांना काय पाजलंस?”

“जा खिडकीवाल्यांका दिलंय, ताच.”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. “का पण?”

“एका खोलीत, एका टायमाक वाढूचा. आणि एकाक औषध, शेजारच्याक पाणी? पंगतीत असा कोण वाढता, मॅडम? आमच्या गावात लोक पानावरसून उठान जातीत.”

“अरे, ते हॅमस्टर आहेत!”

“म्हणानच उठूक नाय.”

बाई आधी इंग्रजीत संतापल्या. ते धाकूला फारसं लागलं नाही. मग दमून त्या मराठीत आल्या. “औषधाविना कोणी राहिलं, तरच औषधाने काय केलं ते कळतं. तिकडे लहान पोरं मरतायत रे.”

पोरांचं नाव निघाल्यावर धाकू नरमला.

“बरा. पण पाणी पाजताना मी तेंच्या तोंडाकडे बघूचंय नाय.”

नवे हॅमस्टर आले. या खेपेला धाकूने शब्द पाळला. भिंतीकडच्यांना तो चोरून चणे घालतो की काय, म्हणून बाई दाराआडून पाळत ठेवून असत. चणे नव्हते. तो मान फिरवून पाणी पाजायचा आणि गावच्या गजाली तेवढ्या सांगत बसायचा. ऐकताना बाईंनाच हसू आवरेना.

दिवाळीनंतर समिती आली. खिडकीकडे नुसती धावपळ चालली होती. भिंतीकडे एकही उरला नव्हता. साहेब लोक खूश झाले, काम पुढे चालू राहिलं. बाईंनी पेढे मागवले आणि पहिला धाकूपुढे धरला.

“घे. निम्मं श्रेय तुझं.”

धाकूने हात मागे घेतला. “गोड नको, मॅडम. सुतक हा.”

“अगं बाई! कोण गेलं रे?”

धाकू फडकं घेऊन भिंतीकडचे पिंजरे एकेक करून पुसायला लागला.

बाईंनी पेढा खोक्यात परत ठेवला. स्वतःही खाल्ला नाही.