नवी बॅटरी

जुन्या बॅटरीच्या, तार जोडायच्या खांबावर निळसर-पांढरा फुलोरा आला होता, मोरचूद सांडावा तसा, आणि हिलाल कधीचा त्याच्याकडे नुसता बघत बसला होता. पान्हा हातात, मोटारीचं झाकण उघडं, नवी बॅटरी कडुनिंबाखाली तरटावर. लढाई सुरू झाल्यापासून नवी बॅटरी म्हणजे देवाघरचं देणं. मोटारीच्या मालकानं, शेठनं, सुरतेहून कशी मिळवली ते शेठच जाणे. मिळायची ती नेमकी आजच मिळावी... आज मोटार निघाली नसती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

बिघडलं नसतं. धनू गेली नसती, एवढंच. काल पंचांसमोर तिनं काडीमोड घेतली, स्वतःच्या हातानं काडी मोडली, एका झटक्यात — आणि आज ह्याच मोटारीनं ती सारंगखेड्याला बापाकडे निघाली होती, कायमची. तळोद्यातून दुसरी मोटार नाही, दुसरा डायव्हर नाही. म्हणजे बायकोनं सोडायचंही आपल्यालाच आणि तिला पोचवायचंही आपणच. वा रे नशीब.

त्यानं चासीची, मोटारीच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडली, मग दुसरी. खायच्या सोड्याचं पाणी ओतलं. फुलोरा फसफसून वाहून गेला. खाली शिसं काळवंडलेलं, खड्डे पडलेलं. आतून तेजाबाची वाफ झिरपत राहते, रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही, मग एका सकाळी वीजच पुढे जात नाही... पंचांनी तिला विचारलं होतं, मारतो का? नाही. पितो का? नाही. मग झालं तरी काय, बाई? ती म्हणाली, "हाऊ मन्हासंगे बोलस नही." पंच हसले. आपणसुद्धा हसायच्या बेतात होतो — खरंच, एवढ्यावरून कुणी काडी मोडतं? — पण ती हसत नव्हती, आणि आपल्याला आठवेना... भाकरी वाढ, कंदील बारीक कर, ह्यापलीकडे काय बोललो आपण तिच्याशी? बोलायचं असायचं. घशापर्यंत यायचं. मग वाटायचं, उद्या बोलू.

एक रात्र हवी होती फक्त. मोटार आज अडून बसली तर तिला घरीच परतावं लागेल, आणि मग आपण बोलू. जाऊ नको, एवढं तरी बोलूच. तार खांबावर नुसती टेकवायची, पेच अर्धवट सोडायचा. वीज नाही तर ठिणगी नाही. मग हँडल मारून हात मोडला तरी इंजिन ढिम्म. शेठला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. सुरतवाल्याला शिव्या देईल आणि घरी जाऊन निजेल.

त्यानं नवी बॅटरी उचलून खोबणीत बसवली. तारांची टोकं कानशीनं घासून लखलखीत केली, खांबांवर चढवली. पेच अर्धा आवळला आणि ठरवलं, बस्स... पण हात थांबेना. मेला हात, जन्मभर एकच शिकलेला: सैल ठेवलं की तार जळते. पान्हा शेवटच्या आट्यापर्यंत फिरत गेला, आणि वर बोटानं ग्रीसचा जाड लेप, म्हणजे पुन्हा फुलोरा धरायला नको. ह्या लोखंडाची एवढी काळजी, आणि तिची... त्यानं बोट तरटाला पुसलं आणि झाकण लावलं.

स्टार्टर दाबताच इंजिन सुरू झालं.

उतारू चढू लागले. धनू गाठोडं घेऊन बाजूला उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. इतका संसार झाला, पण तिनं त्याला कधी हाक मारली नव्हती. नवऱ्याला कुठे हाक मारतात? आता ती जवळ आली.

"दादा, कोठे बठू?"

सगळे उतारू त्याला दादाच म्हणत.

"म्होरे बठा बाई," तो म्हणाला, "मांगे धूय लागस. अन् गाठोडं द्या इकडे. दुपारलोंग पोचाडी देसू."

तिनं चमकून वर पाहिलं. उतारूंशी तो रोज दिवसभर असाच बोलायचा. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. तो जागेवर बसला, मोटार हलली, आणि शब्द येतच राहिले — वाट वाईट आहे, दांडी धरून बसा, ऊन लागलं तर सांगा — एकेक, न अडखळता, एका परक्या बाईसाठी. आणि रात्र मिळाली असती तरी बायकोसाठी ह्यातला एकही तोंडातून निघाला नसता, हे त्याला आता पक्कं कळलं होतं.