टमरेलाला राम राम

मित्रांनो, चांदवडजवळच्या सहादू आबांच्या घराण्याची अब्रू आजवर माझ्यावाचून उंबरठ्याबाहेर पडलेली नाही. या घराचा भार मी वाहिला आणि तो हलका होतानाही मीच पाहिला. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. लोक मला टमरेल म्हणतात.

जन्मानं मी वनस्पती तुपाचा. माझ्या तुपात या घरच्या लग्नाची बुंदी तळली गेली. तेव्हा माझी जागा देवघराशेजारच्या फळीवर होती. तूप संपलं, विठाबाईंनी मला तारेचा कान लावला आणि माझी बदली परसदारी झाली. पुन्हा स्वयंपाकघरात यायची बंदी. वाईट वाटलं. मग माझा अधिकार मला कळला.

गावाची रीत अशी, की हातात टमरेल असलेला माणूस दिसत नाही. त्याला कोणी राम राम घालत नाही, कुठं निघालात विचारत नाही. सरपंचानंसुद्धा मला हाती धरलं की तो अदृश्य! ही ताकद राजदंडातही नसते. परदेशात म्हणे कागदावर भागवतात आणि आपल्याला अडाणी म्हणतात; आपण त्यांना पारोसे म्हणतो. आपली सोडून बाकी जगाची रीत घाणेरडी, यावर मात्र सगळ्या जगाचं एकमत आहे.

मग नाशिकहून स्नेहा सून होऊन आली. इथं बाईमाणसानं अंधारातच जायचं, म्हणून दिवसा ती पाण्याच्या तांब्याला भिऊ लागली. त्यात तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, भरपूर पाणी प्या.

"आबा, संडास बांधा ना," ती म्हणाली.

"जिथं अन्न शिजतं तिथं? नाक राहील का गावात? अन् टेकडीमागं लय हवेशीर हाय!"

"तुमच्यासाठी. मला तिथं नुसता अंधारच दिसतो."

"तुझ्या सासूनं काढलाच ना जन्म?"

"काढला की," विठाबाई चुलीपासून म्हणाल्या, "पोट आवळून काढला."

आबा खोकले आणि विषय संपला.

पुढं एकदा घोटीचे पाहुणे आले. ओट्यावर पानसुपारी चालली होती. भर दुपारी स्नेहानं मला पाण्यानं भरलं आणि पुढच्या दारानं बाहेर आली. सगळ्यांनी रीतीप्रमाणे माना वळवल्या. कोणी पत्रे न्याहाळू लागला, कोणी तारेवरचे कावळे.

आणि ती थांबली. "राम राम, काका!"

टमरेलानं उलटा राम राम घातल्याचं गावात कधी घडलं नव्हतं. थोरल्या पाहुण्याची जीभ घसरली. "राम राम... कुठं निघाली पोरी?"

"कुठंच नाही. अंधार पडायची वाट बघतेय. बसू का इथंच?"

तिनं मला पानाच्या तबकाशेजारी ठेवलं आणि बसली. इतका मान मला तुपाच्या दिवसांतही मिळाला नव्हता.

"सहादू, संडास नाय व्हय तुमच्याकडं?"

"म्हंजी... बांधायलाच घेतलाय," आबा म्हणाले.

"कधीपासनं?" आतून विठाबाई.

"आता पुढल्या खेपेला बघूनच जाऊ," पाहुणा म्हणाला. आबांना नाकासाठी तरी बांधणं भाग पडलं.

काम भिमाजी मिस्त्रीला दिलं. त्यानं जन्मभर कांदे साठवायच्या चाळी बांधल्या. हात मोठा पक्का. खड्डा, भिंती, फरशी, सगळं ऐटीत झालं. त्या दुपारी स्नेहा सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. मित्रांनो, माझा पत्रा त्या दिवशी असा काही चमकला!

मला वाटलं, आता मी भंगारात. पण नाही, बढती मिळाली. दगड भरून मला संडासात ठेवलं आहे. आत गेलेलं माणूस मला दाराला टेकवतं आणि निर्धास्त बसतं. घराण्याची अब्रू अजून माझ्याच अंगावर आहे. म्हणून सांगतो, जुन्या डब्याला हसू नका. आणि तुमच्या घरात कोणी पाण्याला भीत असेल, तर आधी त्याची सोय बघा, नाक मागाहून.

कांदे आतून कडी लावत नाहीत. भिमाजीनं कडी बाहेरून बसवली आहे.